मढच्या वलांडीवरचे धोतर

मुलुंडच्या माणसाला काशी जवळ आणि मढ लांब. हे विधान भूगोलाच्या दृष्टीने चूक आहे याची मला पूर्ण जाणीव आहे, कारण माझी सारी नोकरी शाळेत भूगोल शिकवण्यात गेली. परंतु आमच्या आळीत काशीला जाऊन आलेली घरे हवी तेवढी निघतील आणि मढला जाऊन आलेले एकही निघणार नाही. आम्ही परतल्यावर "मढ म्हणजे नेमकं कुठे हो?" असे ज्यांनी ज्यांनी जिन्यात थांबवून विचारले, त्यांच्यासाठी हा वृत्तान्त लिहीत आहे.

प्रथम स्थान पाहू. अंधेरीच्या सरळ पश्चिमेला, समुद्राकाठी वेसावे आहे. वेसाव्याच्या उत्तरेला खाडीचे तोंड लागते. त्या तोंडापलीकडे, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी अशी जी लांबट जमीन दक्षिणेकडे उतरत आली आहे, तिचे टोक म्हणजे मढ. या काठावरून त्या काठावरची माणसे दिसतात. मध्ये पाणी आहे एवढेच. पण तेवढ्याने माणसे एकमेकांना किती दूर करतात, हे अंधेरीच्या कचेऱ्यांत काम करून रोज घरी जाणाऱ्यांना विचारावे. त्यांतले बहुतेक मढला कधी गेलेले नसतात.

आता प्रयोजन. ते सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. माझे यजमान तारखात्यात होते. निवृत्त झाल्यापासून त्यांनी व्हरांड्यातली आरामखुर्ची जी धरली, ती धरलीच. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी डुलकी, संध्याकाळी तेच वर्तमानपत्र, आणि या सर्वांच्या मधल्या जागा भरायला तपकीर. कुठे जाण्याचा विषय काढला की ह्यांचे उत्तर ठरलेले: "ठाऊक आहे. त्यात काय बघायचं?" घारापुरी म्हणजे दगड, माथेरान म्हणजे झाडे. एकदा मी विहारच्या तलावाचे नाव काढले, तर म्हणाले, "नळाला येतं की ते पाणी."

अशात भिलाईहून आमच्या श्रीकांतचे पत्र आले. तो तिथल्या पोलादाच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. दोघांनीच मुलुंडला राहून काय करता, जागा सोडून द्या आणि कायमचे इकडे या, असा त्याचा आग्रह होता. ह्यांना तो लगेच पटला. "बसायचंच आहे," हे म्हणाले, "खुर्ची इथे ठेवली काय आणि भिलाईला ठेवली काय!" मला नेमके हेच खुपले. मुलाकडे जाण्याला माझा विरोध नव्हता. एक खुर्ची हलवण्यासाठी घर मोडण्याला होता.

तेव्हा मी एक करार मांडला. "माझ्याबरोबर चार दिवस मढला चला. परत आल्यावरही तुम्ही भिलाई म्हणालात, तर मी एका शब्दाने विरोध करणार नाही. सामान बांधायला घेईन."

"चार दिवस बसायचंच ना? तिथे बसतो," हे म्हणाले, आणि तपकिरीची चिमूट ओढून त्यांनी करारावर शिक्कामोर्तब केले.

वेसावे, माघ शुद्ध त्रयोदशी

मुंबईच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याची एक जुनी रीत आहे. पंचांगातली तिथी घ्यावी आणि तिची पाऊणपट करावी. जेवढे येईल, तेवढ्या वाजता साधारणपणे पूर्ण भरती. त्रयोदशी म्हणजे तेरा. तेराची पाऊणपट म्हणजे पावणेदहा. सकाळी पावणेदहाच्या सुमारास वेसाव्याला पोचलो असतो, तर होडी काठाला टेकलेली मिळाली असती. हे सर्व मी आदल्या दिवशी ह्यांना समजावून सांगितले होते.

"ठाऊक आहे," हे म्हणाले होते.

परंतु स्नान, पूजा, जेवण आणि वामकुक्षी यांपैकी एकही गोष्ट भरतीसाठी मागेपुढे होण्यासारखी नव्हती. मुलुंड ते वेसावे हा मार्ग वाचकांना ओळखीचा आहे, म्हणून तो वगळते. आम्ही पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते, पाणी पार ओसरले होते, आणि काठ व होडी यांच्यामध्ये काळ्या, चकचकीत चिखलाचा एक प्रशस्त पट्टा पसरला होता.

"होरी तिकरं हाय," तरुण नावाडी पलीकडे हात करून म्हणाला. ह्या लोकांच्या बोलीत 'ड'चा 'र' आणि 'ळ'चा 'ल' होतो, एवढे ध्यानात ठेवले की पुढचे सर्व समजते.

"आणि आम्ही इकडे," हे म्हणाले.

"मंग या ना पाठीवर, म्हातारबाबा."

"मी? पाठीवर? अरे, मी तारखात्यात पर्यवेक्षक होतो!"

"आसशील. चिखलाला काय म्हाईत?"

पुढच्या क्षणी तारखात्याचे माजी पर्यवेक्षक एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात तपकिरीची डबी उंच धरून नावाड्याच्या पाठीवरून खाडीकडे निघाले. मी नऊवारी वर खोचली आणि चालत गेले. माझी उजवी चप्पल त्या चिखलाने ठेवून घेतली. डावी मीच मग त्याला अर्पण केली, कारण एका चपलेचा उपयोग कोणालाच नसतो.

मढ, त्याच दिवशी संध्याकाळ

मढला आमचा मुक्काम फिलोमिनाबाईंकडे होता. अंधेरीच्या शाळेत त्यांनी आणि मी अनेक वर्षे एका खोलीत वह्या तपासल्या. त्या चित्रकला शिकवीत. जातिवंत मढच्या, घराणे पिढ्यान्‌पिढ्या इथलेच आणि ख्रिस्ती. कौलारू घर, पुढे सारवलेले अंगण, अंगणात चुन्याने रंगवलेला क्रूस आणि त्याच्या पायथ्याशी झेंडूची दोन झाडे. आमच्या तुळशीवृंदावनाच्या जागी क्रूस आहे असे समजले की अंगण थेट कोकणातले वाटते.

दिवेलागणीला देवळाची घंटा झाली. (इकडे चर्चला देऊळच म्हणतात.) फिलोमिनाबाई हातातले काम ठेवून उभ्या राहिल्या आणि पुटपुटत प्रार्थना केली. ती संपते न संपते तोच शेजारची मुले आली आणि आशीर्वादासाठी एकेकाने मोठ्यांसमोर हात जोडले. आमच्याकडे शुभंकरोती म्हणून झाल्यावर मुले नमस्कार करतात, त्यातलाच हा प्रकार. एक लहानशी मुलगी ह्यांच्यासमोरही येऊन उभी राहिली. हे गोंधळले.

"काय हवंय हिला?"

"आशीर्वाद द्या, साहेब," फिलोमिनाबाई म्हणाल्या.

"औक्षवंत हो," हे म्हणाले, आणि मुलगी समाधानाने "आमेन" म्हणून पळाली. दोन्ही धर्मांना यात वावगे काही वाटले असेल असे मला वाटत नाही.

रात्रीच्या जेवणाला तांदळाच्या हातभाकऱ्या, वालाची उसळ आणि नारळाची चटणी. आमच्यासाठी नवी भांडी काढली होती. हे जेवले, खुर्ची मागितली आणि तीत बसले. करारातला पहिला दिवस संपला आणि माझ्या बाजूला काहीही जमा झालेले नव्हते.

मढ, चतुर्दशी

न्याहारीला फिलोमिनाबाईंनी फुगे केले. फुगा म्हणजे लिंबापेक्षा थोडा मोठा, तळून लालसर केलेला, आत जाळी पडलेला गोळा. किंचित गोड, किंचित आंबूस. ह्यांना ते अतिशय आवडले. मी चहा गाळून घेईपर्यंत ह्यांची ताटली जवळजवळ रिकामी झाली होती. एखादी कृती कळल्यावाचून पदार्थ तोंडात घालायचा नाही ही माझी सवय, म्हणून मी विचारले, "यात काय काय घालता?"

"मैदा, नारळाचं दूध, साखर," फिलोमिनाबाई बोटांवर मोजू लागल्या, "आंबायला थोडी ताडी, आणि मग अंडी फेटून..."

बोट तिथेच थांबले. त्यांनी पदर तोंडावर धरला. "अगो बाय! सुलभाबाई, मी विसरलेच हो! तुम्ही अंडं खात नाही!"

आमचे घर सात पिढ्यांचे शाकाहारी. मी हातातला फुगा हळूच खाली ठेवला आणि ह्यांच्याकडे पाहिले. ह्यांनी ताटलीकडे पाहिले.

"ताडीसुद्धा?" ह्यांनी विचारले.

"थोडीशी हो. फुगायपुरती."

"तरीच," हे म्हणाले, आणि ताटलीतला शेवटचा फुगाही तोंडात टाकला. "नेम मोडायचा तर अर्धवट मोडून ठेवू नये."

मात्र त्यानंतर प्रायश्चित्त म्हणून ह्यांनी विहिरीवर पुन्हा स्नान केले, पूजेचे सोवळ्याचे धोतर स्वतः धुतले, आणि ते कुठे वाळत घालावे या विवंचनेत पडले. सोवळे वस्त्र अशा जागी वाळले पाहिजे की कोणाचा हात लागणार नाही. फिलोमिनाबाईंच्या अंगणातल्या दोरीवर साऱ्या घराचे कपडे होते. "मी बघतो काय ते," हे म्हणाले आणि धोतराचा पिळा खांद्यावर टाकून समुद्राच्या दिशेने गेले. आम्ही दोघी निश्चिंत मनाने फिरायला निघालो. पुढच्या प्रकाराची सुरुवात इथे झाली.

मढला समुद्राकडेला काही बंगले आहेत आणि ते सिनेमावाल्यांना भाड्याने देतात. त्यांपैकी एकाच्या बागेत त्या दिवशी काश्मीर होते. हिरवळीवर कापूस पसरला होता, झुडपांवर मीठ शिंपडले होते, आणि लोकरी कोट घातलेली नायिका घाम पुसत थंडीने कुडकुडण्याचा सराव करीत होती. मी एका साहाय्यकाला सौम्यपणे सांगितले, "बाळा, काश्मिरात माड नसतात."

"म्हणून तर बांधून ठेवलेत ना, आजी!" तो म्हणाला. पाहते तो खरेच, माडाच्या झावळ्या दोरीने वर ओढून बांधल्या होत्या आणि दोन माणसे घामाघूम होऊन ती दोरी ताणून उभी होती. वारा आला की काश्मिरात झावळी डोकावे आणि सर्व काही थांबे. आम्ही बराच वेळ पाहिले. फिलोमिनाबाईंच्या मते छायाप्रकाश चांगला होता.

परत येताना किनाऱ्यावरून आलो, तो दुरूनच बायकांचा गलका ऐकू आला आणि त्या गलक्यात ह्यांचा आवाज.

"हात लावू नका! सोवळ्याचं आहे ते!"

इथे वलांडी म्हणजे काय हे सांगणे आवश्यक आहे. किनाऱ्यावर कोळी लोक उंच बांबू पुरतात आणि त्यांना ओळीने आडव्या दोऱ्या बांधतात. ताजे बोंबील दोन-दोन घेऊन त्यांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टांगायची. उन्हावाऱ्यात काही दिवसांत ते खडखडीत वाळतात. ही वलांडी. प्रत्येक घराची आपली वेगळी. मचवे समुद्रावर असतात तेव्हा ती रिकामी दिसते: स्वच्छ, उंच, उन्हात, आणि आसपास कोणी नाही. सोवळ्यासाठी याहून उत्तम जागा ह्यांना सापडली नसती. वास कसा आला नाही असे वाचक विचारतील. इतक्या वर्षांच्या तपकिरीनंतर ह्यांच्या नाकाकडून ती अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

मचवे आले होते. बोंबलांच्या भरलेल्या टोपल्या वाळूत मांडल्या होत्या. त्यांच्यामध्ये वलांडीची मालकीण पारूबाई, ठसठशीत कुंकू लावलेली, आखूड लुगड्याचा कासोटा मारलेली, एका हाताने ते पांढरेशुभ्र धोतर उंच धरून उभी होती. हात अर्थातच बोंबलांचा होता.

"सोवल्याचां? मंग माजे वलांडीवर काय करतंय? बंबलांची पूजा घालाची हाय काय तुना?"

बायका खिदळल्या. हे माझ्याकडे वळून अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "मला वाटलं, गावाने कपडे वाळत घालायची सोय केली आहे. मी कौतुकच करत होतो."

"आयका गो!" पारूबाई ओरडली. "याचे धोतराला गावानी बांबू पुरलंय! नि माजा म्हावरा उन्हात मऊ परतंय, त्याचा काय? दंड भर!"

ह्यांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला.

"पैसं नको तुजं. माजी सासू येसाव्याला गेलीय, भाचीचे हळदीला. कावलं हाकायला मानूस नाय. बस हितं, घे काठी."

"मी?"

"तू नाय त कोन? म्हातारा हायस ना? आमचेकरं म्हातारी मानसांच हाकतान कावलं."

आता हे रागावणार आणि आजच्या आज घरी चला म्हणणार, अशी माझी खात्री झाली. चार दिवस दोनावर आटोपणार आणि भिलाई नक्की होणार. फिलोमिनाबाईंनी माझा दंड धरला. परंतु एक गोष्ट मी हिशेबात घेतली नव्हती. निवृत्त झाल्यापासून ह्यांना "विश्रांती घ्या" यापलीकडे कोणी काहीही सांगितले नव्हते. ह्यांनी काठी हातात घेतली, तिचा तोल पाहिला आणि विचारले, "नुसतं हाकायचं, की मारायचंही?"

"हाकायचां. मारलास त सगलं जमतान."

हे पालथ्या टोपलीवर बसले.

त्याच ठिकाणी, दुपार

आमच्या समाजात माणूस निवृत्त होतो म्हणजे त्याला हार घालतात, एक घड्याळ देतात आणि मग त्याच्याकडे वेळेखेरीज काही उरत नाही. कोळीवाड्यात तसे नाही. समुद्रावर जाणे झेपेना की माणूस जाळी विणतो. जाळी दिसेनाशी झाली की कावळे हाकतो. त्याचा कोणी गौरव करीत नाही, आणि तो केला नाही म्हणून कोणी रुसतही नाही.

ह्यांच्या शेजारी जाळे दुरुस्त करीत बसला होता धाकू आजा. सत्तरी केव्हाच मागे टाकलेला. बांबूची चपटी सुई त्याच्या बोटांत आपसूक फिरत होती, आणि बोटे गुंतलेली असल्यामुळे तोंड मोकळे होते. त्याने आधी ह्यांच्याकडून चिमूटभर तपकीर घेतली, सणसणीत शिंकला आणि चौकशीला आरंभ केला.

"तारखातं म्हंजे काय काम करत व्हतास?"

"टकटक करून निरोप पाठवायचे."

"टकटक मना पन येतंय. निरोप कसा जातंय?"

ह्यांनी काठीने बांबूवर ठोके दिले, आखूड आणि लांब, आणि धाकूचे नाव वाजवून दाखवले. धाकूने ते लक्षपूर्वक ऐकले, सुईने होडीच्या फळीवर तसेच वाजवले आणि विचारले, "नि विलायतेला तार कशी जातंय? मदी त दर्या हाय."

"दर्याच्या तळातून. जाड दोर टाकलेला असतो. आत तांबं."

धाकूची सुई प्रथमच थांबली. "तलातून? आमचे जाल्याखालून?"

"बहुतेक."

"मंग म्हावऱ्याला समजत आसंल काय, दोरातून कायतरी चाललंय म्हनून?"

ह्यांनी तोंड उघडले. आता कोणता शब्द येणार हे मला पाठ होते. ह्यांनी डबी काढली, उघडली आणि तपकीर न घेताच मिटली.

"मला ठाऊक नाही," हे म्हणाले. "पण प्रश्न चांगला आहे. विचारून सांगतो तुला."

आमच्या लग्नाला चाळीस वर्षे होत आली. "मला ठाऊक नाही" हे वाक्य ह्यांच्या तोंडून मी त्या दिवशी वलांडीखाली प्रथम ऐकले.

"ओ तारवाले!" दुरून पारूबाई कडाडली. "कावला नेतंय ना!"

एक कावळा बोंबील घेऊन माडावर जाऊन बसला होता. हे काठी उगारून धावले. मी त्यांना धावताना पाहिल्याला किती काळ लोटला, ते आठवत बसले नाही.

मढ, माघी पौर्णिमा

सकाळी मी उठले तर हे घरात नव्हते. खुर्ची होती, डबी होती, छत्री नव्हती. छत्री कशाला, हे किनाऱ्यावर गेल्यावर समजले. कावळ्यांना काठीची सवय झाली होती. काठी उगारली की एक दोरी सोडून पुढच्या दोरीवर बसत. तेव्हा ह्यांनी काळी छत्री मिटलेली धरायची आणि कावळे जमले की एकदम फटकन उघडायची, अशी पद्धत काढली होती. परिणाम विलक्षण होता. सारा थवा कावकाव करीत चर्चच्या कौलांवर गेला, आणि पारूबाईने टोपली खाली ठेवून कमरेवर हात ठेवले.

"बाय गो, तुजा म्हातारा डोक्याचा हाय!" ती मला म्हणाली. "घरी काय करतंय?"

"बसतो," मी म्हणाले.

"कशाला बसवलास त्याला?" तिने विचारले. यावर मी तिला बोंबलांच्या जोड्या अडकवण्याची रीत विचारली. तिने ती दाखवली. मी हात लावला नाही, पण कृती लिहून काढता येईल इतकी पाहिली.

तो सारा दिवस ह्यांनी धाकूजवळ काढला. आता प्रश्न दोन्हीकडून जाऊ लागले होते. जाळ्याची गाठ ओलेपणी सुटत का नाही? मचवा रात्री दिशा कशी ओळखतो? आणि मधूनच मला हाक: "अगं, बोंबील याच किनाऱ्याला का? खाली मलबारात का नाही इतका?" पाण्याचे तापमान, गाळ, खाडीमुखे, असे मी पुष्कळ सांगितले. धाकूने सर्व ऐकून घेतले आणि म्हणाला, "आसंल. पन त्याला हितं करमतंय, ह्यां पन एक हाय." हे इतके हसले की हातातली छत्री वाळूत पडली.

त्या संध्याकाळचे दृश्य मात्र भूगोलाच्या प्रत्येक शिक्षकाने एकदा पाहावे असे आहे. पौर्णिमेला सूर्य मावळतो त्याच सुमारास चंद्र उगवतो, हे आपण वर्गात चेंडू आणि मेणबत्ती घेऊन शिकवतो. मढच्या टोकावर उभे राहिले की ते शिकवावे लागत नाही. उजवीकडे समुद्रात लाल सूर्य बुडत होता. डावीकडे, खाडीपलीकडे, अंधेरीच्या कारखान्यांच्या धुरातून तसाच लाल चंद्र वर येत होता. आम्ही मध्ये उभे होतो. हे कधी इकडे वळत, कधी तिकडे. "त्यात काय बघायचं" असे काही म्हणाले नाहीत. म्हणाले ते असे:

"भिलाईला काय दिसत असेल गं संध्याकाळी?"

म्हणजे विचार चालूच होता तर. ज्या कुतूहलाला जागे करण्यासाठी मी ह्यांना इथे आणले, ते जागे होऊन नेमके भिलाईच्याच वाटेला लागले की काय, अशी शंका आली. मी करार करताना ही बाजू तपासली नव्हती.

"मला ठाऊक नाही," मी म्हणाले, आणि तेही खरेच होते.

परतीचा दिवस

प्रतिपदेला दुपारी भरती होती, आणि या वेळी आम्ही तिच्या आधी काठावर हजर होतो. होडी अगदी पायाशी होती. पाठीवर नेणारा तरुण नावाडी किंचित निराश दिसला. पारूबाई धावत आली आणि कागदात बांधलेले एक पुडके ह्यांच्या हातात कोंबले. अर्थात सुके बोंबील. पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवायचे नाही, हा नियम खाडीच्या दोन्ही काठांना सारखाच आहे.

"पण आम्ही खात..." मी सुरुवात केली.

"गप्प बस," हे पुटपुटले. "मी राखण केलेले आहेत ते." आणि पारूबाईला म्हणाले, "सासूबाईंना सांगा, मी छत्री ठेवून जातोय. वापरायची कशी, ते धाकूला ठाऊक आहे."

"धोतराला परत जागा पायजेल त आदी विचार हां, तारवाले!" पारूबाई काठावरून ओरडली.

ते पुडके मांडीवर घेऊन हे अंधेरीपर्यंत बसमध्ये ताठ बसून आले. आमच्या आजूबाजूच्या जागा का मोकळ्या राहत होत्या, हे ह्यांच्या ध्यानात आले नाही, माझ्या आले. मुलुंडला पोचल्यावर ते तळमजल्यावरच्या मालवणकरीणबाईंना दिले. त्यांनी पुडके नुसते हुंगले, आणि आमच्या घराविषयी त्यांचे मत त्या दिवसापासून कायमचे बदलले.

वर आलो. मी देवापाशी दिवा लावला, चहा ठेवला, आणि वाट पाहू लागले. बोलायचे ह्यांनी होते. माझे बोलणे मी करारात देऊन टाकले होते. ह्यांनी हातपाय धुतले. व्हरांड्यात गेले, आत आले, कपाट उघडून बंद केले. मग स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "श्रीकांतला लिहून टाक. भिलाईला येतोय म्हणून."

मी "बरं" म्हणाले. चहा कपांत ओतला. एक शब्द न बोलता सामान बांधीन असे मी स्वतःच म्हणाले होते, आणि शिक्षकाने दिलेला शब्द मोडला तर वर्ग त्याचे काय ऐकणार? मी माळ्यावरची मोठी ट्रंक ओढून खाली घेतली. आमच्या लग्नातली, काळी, पितळी कड्यांची. तिच्यात आधी काय जाईल याचा मी विचार करू लागले: पितळी डबे, गोधड्या, भिंतीवरचा नकाशा. नकाशा मावला नसता. त्याची घडी करावी लागली असती.

हे कप हातात घेऊन दारात आले आणि ट्रंकेकडे पाहत राहिले.

"हे काय काढलंस? पंधरा दिवसांना एवढी मोठी ट्रंक?"

"पंधरा दिवस?"

"मग! त्याच्याहून जास्त कशाला राहायचं? तो कामावर जाणार. आपण कारखाना बघायचा, लोखंड वितळवतात ते बघायचं. मचव्याचा नांगर कुठल्या लोखंडाचा करतात, धाकूने विचारलंय. ते तिथे कोणाला तरी विचारतो. नांगर होईपर्यंत लोखंडाचं काय काय करतात, नीट समजून घ्यायला हवं. परतीचं तिकीट आत्ताच काढलेलं बरं." ह्यांनी कप ट्रंकेच्या झाकणावर ठेवला, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि भिंतीवरच्या नकाशासमोर जाऊन उभे राहिले. ज्यावरून मी नव्वद मुलांच्या वर्गाला भूगोल शिकवला तो नकाशा, ह्यांनी आजवर ज्याच्याखाली बसून फक्त वर्तमानपत्र वाचले होते.

"अगं, इकडे ये जरा," हे म्हणाले. बोट भिलाईवर होते आणि तिथून पूर्वेकडे सरकत होते. "भिलाईच्या पुढे काय लागतं?"